गुणाजीचं पान

वायंगणकरांच्या घरातलं भांडण एरवी वड्याच्या पिठावरून सुरू होई आणि चढत चढत देवापर्यंत पोचे. सत्तावन्न सालच्या म्हाळाला ते उलटं झालं. सुरुवातच देवापासून झाली, आणि पीठ बिचारं परातीत वाट बघत बसलं.

गुणाजीला जाऊन वर्ष उलटलं होतं, त्यामुळे ह्या पितृपंधरवड्यात तो पहिल्यांदाच पितरांच्या पंगतीला बसणार होता. पंगतीला म्हणजे काय, तर तीन पानं मांडायची: आज्याचं, बापाचं आणि त्याचं. त्या पानांवर परक्या आडनावाची तीन माणसं बसवायची. गंध लागलं की जेवण होईपर्यंत तीच पितर. मग घरातल्या मोठ्यानं उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, एकेकाला त्याच्या नावानं आणि कामानं हाक मारायची, आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. होकार भरला की ते देवाच्या दरबारी पक्कं झालं. मग कोणाच्या बापालाही ते बदलता येत नाही. बापाला तर नाहीच, तो पानावर बसलेला असतो.

पहाटेच दत्ताराम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. गुणाजीचा हा थोरला भाऊ कुर्ल्याच्या मिलमध्ये जॉबर होता, विणकामाच्या साच्यांवरचा मुकादम. साच्यांच्या खडखडाटावरून बोलायची सवय. तो कुजबुजला तरी तीन खोल्या पलीकडचं मांजर उठून बसे.

"गुणाजीक मी अशी हाक मारतलंय," तो म्हणाला. "बोटीवर इमानान चाकरी केल्यान, घरदार सांभाळल्यान. बस. कोणाची काय तक्रार?"

तक्रार आहे का, हे तो मिलमध्येही असंच विचारी, उत्तर येण्याआधी पाठ फिरवून. पण घाटकोपरच्या ह्या बैठ्या चाळीत त्याची पाठ फिरण्याआधी उत्तर देणारी एक होती. गुणाजीची बायको सुगंधा. चाळीतल्या एकट्या राहणाऱ्या गिरणीवाल्यांना ती खानावळ घाली, आणि तिच्या हातच्या भाकरीपेक्षा तिच्या तोंडाला माणसं जास्त जपून असत.

"खयच्या बोटीवर?" तिनं विचारलं.

"बोटीवर म्हणजे बोटीवर. माल नेता-आणता, ती."

"ते लढाईच्या बोटीवर होते. बॉयलरात कोळसो मारीत. लढाई सरली, आणि शेचाळीस साली सायबाचा निशाण उतरल्यानी म्हणान तेंका काढून टाकल्यानी. ह्या सगळा तुमका ठावक आसा दादा. मग मधीच माल खयसून इलो?"

"ठावक आसा म्हणानच सांगतंय. आज गुप्तेसाहेब जेवूक येतत."

शरच्चंद्र गुप्ते हे अंधेरीचे, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. दत्तारामचा मुलगा मधुकर त्यांच्या हाताखाली हंगामी कारकून होता, आणि ट्रॉम्बेच्या नव्या अणुशक्तीच्या कारखान्यात त्याला कायमची जागा मिळायचा योग आला होता. तिथे घेण्याआधी घराण्याची चौकशी होते, असं दत्तारामला मिलच्या कॅंटीनमध्ये कोणीतरी सांगितलं होतं. त्याच कोणीतरीनं हेही सांगितलं होतं की हेडक्लार्कनं 'घराणं माझ्या पाहण्यातलं आहे' एवढं म्हटलं की काम फत्ते. म्हणून गुप्त्यांना घराणं पाहायला बोलावलं होतं, वड्यांसकट.

"बंडवाल्याच्या पुतण्याक अणूच्या कारखान्यात कोण दारात तरी उभो करतलो?" दत्ताराम म्हणाला.

"ता बंड नव्हता. संप होतो."

"संप आमी करतो, मिलमध्ये. सायबाच्या तोफा सायबावर फिरवल्यार तेका बंड म्हणतत."

"तोफा फिरवणारे दुसरे. ह्यांच्या हातात फावडा होता."

"तू फावड्याचा माका शिकव नको."

सुगंधानं पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले. "दादा, माका झील नाय. आज तुमी जी हाक मारशात, तीच उद्या मधू मारतलो, तेच्या मागसून तेचो झील. सात पिढ्ये हे मालाच्या बोटीवर बसतले."

"बसांदेत. वारो बरो लागता थय," असं म्हणून दत्ताराम अंघोळीला गेला, आणि जाताना दोन्ही खिडक्या लावून गेला.

ही खिडक्या लावायची सवय त्याला गुणाजीनं लावली होती. बॉयलरपाशी राहून राहून गुणाजीचे कान गेले होते, त्यामुळे तो गुपितसुद्धा भांडुपपर्यंत ऐकू जाईल असं सांगे. निशाणाची गोष्ट त्याच्या ओठावर आली की दत्ताराम उठून खिडक्या लावी. वैशाखातही लावी. त्या घरात एकदा नुसत्या गोष्टीच्या उकाड्यानं पापड भाजून निघाले होते, असं समोरच्या खोलीतला सहदेव अजून शपथेवर सांगतो.

चुलीपाशी जानकी वड्यांना भोकं पाडत होती. ती दत्तारामची बायको, मधुकरची आई. नवरा गेल्याची खात्री झाल्यावर ती जावेकडे वळली.

"सुगंधा, मेलेल्या माणसाक काय फरक पडता गो?" ती हळूच म्हणाली. "जितो आसा तो माझो मधू."

"मेलेल्या माणसाक फरक पडता वयनी. नायतर हे वडे कोणासाठी तळतो आपण?"

"वाकड्यात शिरू नको. एक दिवस तोंड मिट. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी इतकी वर्सां मिटूनच होतंय," सुगंधा म्हणाली. "ते होते तवसर ते सोता सांगत, म्हणान माका बोलूची गरज नव्हती. आता कोण सांगतलो?"

जानकीनं वडा कढईत सोडला. तो फुगला नाही. तिनं तो बाजूला काढून ठेवला आणि दुसरा थापला.

*

बाहेर पडवीत केळीची पानं पुसायचं काम मधुकर आणि काशीराम यांच्याकडे होतं. म्हणजे पुसत होता मधुकर, आणि काशीराम देखरेख करत होता. दत्ताराम-गुणाजीचा हा धाकटा चुलता आता इतका म्हातारा झाला होता की पितरांच्या पंगतीत त्याचं पान मांडायचं राहून गेलंय, असं तो स्वतःच सांगे.

"तुझ्या काकाची बोट सुरुंग काढणारी," काशीराम म्हणाला. "समुद्रात जपाननं पेरलेले सुरुंग. एक दिवस एक सुरुंग येवन बोटीक टेकलो. कप्तान गोरो. तो देवाचा नाव घेवक लागलो, पण इंग्रजीत, म्हणान आपल्या देवाक समाजला नाय. मगे गुणाजी खालसून वर इलो. फावड्याचो दांडो सुरुंगाक लावल्यान आणि म्हणालो, 'म्हाताऱ्या, पुढं हो.' गेलो सुरुंग पुढं. जपानची बोट येय होती समोरसून, तिच्यावर जावन फुटलो."

"आजोबा, काका स्वतः सांगायचे तेव्हा त्यात जपानची बोट नव्हती."

"तो लाजाळू होतो."

मधुकर हसला. काकाला लाजाळू म्हणणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला. ह्याच पडवीत काकानं चहाच्या किटलीच्या तोटीत बोळा कोंबून, झाकण दाबून धरून त्याला वाफेचं बळ शिकवलं होतं. झाकण उडून कौलाला लागलं होतं आणि जानकीनं दोघांनाही उपाशी ठेवलं होतं. पुढे कॉलेजात वाफेचे धडे आले तेव्हा बाकीची मुलं पाठ करत होती, आणि मधुकरला नुसतं ते कौल आठवत होतं. आणि तरी कचेरीत गुप्त्यांनी एकदा घरच्यांची चौकशी केली तेव्हा 'काका बोटीवर होते' एवढंच तो म्हणाला होता. साहेबांनी 'कुठल्या?' असं विचारलं नाही, म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचाच त्याला गेले चार दिवस राग येत होता.

"आणि निशाणाची गोष्ट?" त्यानं विचारलं. "तीपण तुमचीच का? तिखटमीठ लावलेली?"

काशीरामानं दाढी खाजवली. "नाय रे. खूप बघलंय. तिच्यात माका काय घालूक जागाच गावली नाय. ती आसा तशीच आसा."

एवढ्यात समोरून सहदेव आला. तो आणि त्याचा भाऊ दोन पानांवर बसणार होते. तिसऱ्यावर, गुणाजीच्या पानावर, पलीकडच्या चाळीतला दशरथ बसायचा होता.

"दशरथाक हीव भरलाय," सहदेव म्हणाला. "गोधडीत घालून ठेवलाय. तो काही येत नाही."

आणि त्याच वेळी आग्रा रोडच्या बाजूनं, हातात केळ्यांचा घड धरून, काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेले शरच्चंद्र गुप्ते चाळीत शिरले.

*

पुढे जे झालं ते निव्वळ आदरातिथ्यापायी झालं. हे असं आदरातिथ्य वायंगणकरच करू जाणे.

दत्ताराम धावत पुढे गेला. केळी घेतली, टोपी घेतली, कोटही घेऊ लागला तो गुप्त्यांनी दिला नाही. "साहेब, आत या, आत या. इथे बसा. इथे जरा वारा येतो," असं म्हणत त्यानं सकाळी स्वतःच लावलेली खिडकी उघडली आणि साहेबांना खिडकीखालच्या पाटावर बसवलं. पाटाभोवती रांगोळी होती, पुढे सर्वांत मोठं पान होतं, शेजारी उदबत्ती होती. अशी जागा साहेबाला द्यायची नाही तर कोणाला? जानकी गंधाची वाटी घेऊन उभीच होती. पाहुण्यांच्या कपाळी तिनं बोट टेकवलं.

"दत्ता," काशीराम म्हणाला. "ता गुणाजीचा पान."

खोलीतला वारा खिडकीतून जसा आला तसा निघून गेला.

"साहेब, जरा उठता काय..." दत्तारामच्या तोंडून अर्धंच वाक्य आलं.

"उठवूक येवचा नाय," काशीराम म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. "गंध लागला. आता उठवलंस तर गुणाजी उपाशी उठलो असा होता."

शरच्चंद्र गुप्त्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. "काही चुकलं का माझं?"

"काय नाय, साहेब," काशीराम त्यांच्या कानाशी वाकला. "आमच्यात असता ता. तुमी आता आमचो गुणाजी झालात. जेवण होयसर तुमी मेलेले. मगे पुन्हा हेडक्लार्क."

"असं होय," गुप्ते म्हणाले. कचेरीत त्यांना ह्याहून चमत्कारिक हुकूम आले होते, आणि तेही त्यांनी पाळले होते. त्यांनी मांडी नीट घातली. पानावर वडे होते, काळ्या वाटाण्यांची आमटी होती, खीर होती, आणि मेलेल्या माणसाला एवढी भूक लागावी ह्याचं त्यांना नवल वाटत होतं. पण गाऱ्हाणं पुरं झाल्याखेरीज घासाला हात लावायचा नसतो, हे त्यांना सहदेवाच्या डोळ्यांवरून कळलं.

दत्ताराम हात जोडून उभा राहिला. नशिबाला दोष देत बसायला वेळ नव्हता. उलट, त्यानं मनाशी हिशेब केला, आता तर ठरल्याप्रमाणे बोलणं अधिकच जरूर आहे. त्यानं आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, बारा वाटांच्या, बारा वेशींच्या धन्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज ह्या मुंबय मुलखात, घाटकोपरच्या ह्या घरात तुझी लेकरां जमली हत. तेंची सेवा मानून घी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमचो आजो भिवा, ज्येना कातळ फोडून नाचणो पिकवल्यान, तो ह्या पानार बसलो हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." पानावरचा सहदेव गंभीर झाला.

"आमचो बापूस विश्राम, ज्येना गाव सोडून मिलच्या दारात पयलो पाय टाकल्यान, तो ह्या पानार बसलो हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि आमचो भाव गुणाजी, ज्येना मालाच्या बोटीवर इमानान चाकरी केल्यान..."

"नाय म्हाराजा."

आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आला. गाऱ्हाण्यात 'नाय म्हाराजा' कोणी म्हटल्याचं पंचक्रोशीत कोणाला आठवत नाही. खुद्द रवळनाथालाही ऐकायची सवय नसावी, कारण देव्हाऱ्यातली समई तेवढ्यापुरती मोठी झाली आणि पुन्हा होती तेवढी झाली. बायका गाऱ्हाण्यात बोलत नाहीत. होकारसुद्धा त्या मनातल्या मनात भरतात.

सुगंधा भाताचं पातेलं घेऊन सरळ खिडकीखालच्या पानासमोर येऊन उभी राहिली.

"सुगंधा, आत जा," दत्ताराम म्हणाला.

"तुमच्याशी नाय बोलत मी, दादा. मी माझ्या घोवाशी बोलतंय," ती म्हणाली, आणि गुप्त्यांकडे पाहू लागली. गुप्त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मागे बघू नकात. तुमीच," सुगंधा म्हणाली. "तुमच्या बोटीवर भातात खडे येयत. गोऱ्यांच्या ताटात वेगळा, तुमच्या ताटात खडे. सांगून सांगून दमलात, मगे ताट ढकललात. फावडा खाली ठेवलात आणि बॉयलर थंड केलात. वर चढलात, सायबाचा निशाण उतरलात. फाडलात नाय. घडी घालून ठेवलात, कारण कापड चांगला होता आणि तुमचो बापूस मिलवालो होतो."

गुप्ते हलले नाहीत. हलायचं कसं, हे त्यांना कळेना. आयुष्यात त्यांनी टाकही कधी रागानं खाली ठेवला नव्हता, आणि ही बाई त्यांच्या तोंडावर सांगत होती की तुम्ही निशाण उतरवलंत. आपले खांदे थोडे ताठ झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना लाज वाटली. पण खांदे काही खाली येईनात.

"मगे तुमका मुलुंडच्या छावणीत घातल्यानी, तारेच्या आत. मी आग्रा रोडान डबो घेवन चलत इलंय. माका आत सोडल्यानी नाय. तुमी तारेपलीकडसून वरडलात, 'डब्यात काय आसा?' मी सांगलंय, भात आणि कुळथाची पिठी. तर तुमी काय विचारल्यात? कशी आसंस, नाय. रडतंस काय, नाय. विचारल्यात, 'भात निवडलंस मा?'"

सहदेवाचा भाऊ फिसकन हसला आणि लगेच बापासारखा गंभीर झाला, कारण तो बाप होता.

"सुटून इलात, तर कोणी कायमची नोकरी दिली नाय. इटांच्या भट्टीवर राबलात, मरोळच्या गॅरेजात राबलात. पण आरमाराच्या सायबांका अर्ज लिवन 'चुकी झाली' म्हणा, असा ज्यांनी ज्यांनी सांगितला तेंका तुमी ह्या दारातसून परत धाडलात. आज पयल्यांदा ह्या पानार बसलात. भात मी निवडून घातलंय. पण वरसून दादा तुमच्या पानात खडो टाकतत. तो तुमी खावचो नाय. मी खावक देवचंय नाय." तिनं मान वर केली, आणि आता ती देवाशी बोलत होती. "माझो घोव सायबाच्या आरमारात होतो. सायबाचा निशाण उतरल्यान, नोकरी घालवल्यान, आणि कोणाच्या पाया पडूक गेलो नाय म्हाराजा."

आता होकार हवा होता. तो आला नाही तर वाक्य हवेतच राहणार, आणि गुणाजी पानावर अर्धाच बसलेला.

मधुकर भिंतीला टेकून उभा होता. समोर साहेब बसले होते. त्यांच्या कपाळावर गंध होतं आणि तोंडावर काहीच नव्हतं. ट्रॉम्बेची जागा त्याला हवी होती. मनापासून हवी होती. तिथली यंत्रं कशी असतील ह्याची चित्रं तो कचेरीच्या रद्दी कागदांवर काढी. पण त्या यंत्रांपाशी उभं राहून वाफेचं बळ कोणी शिकवलं असं कोणी विचारलं, तर काय सांगायचं? मालाच्या बोटीवरच्या एका माणसानं?

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. मग भिंत सोडून एक पाऊल पुढे आला आणि पुन्हा म्हणाला. "व्हय म्हाराजा."

"मधू," दत्ताराम म्हणाला, "तुका कळता काय तू काय म्हणतंस?"

"कळतं, बाबा."

"सोताची वाट लावलंस."

"माझीच ना? लागू दे."

"व्हय म्हाराजा," काशीराम म्हणाला. त्यानं हे पुतण्याच्या प्रेमानं म्हटलं की खिरीच्या वासानं, हे ठरवणं कठीण होतं; पण म्हटलं ते पुरेसं मोठ्यानं. मग आजा भिवा झालेला सहदेव म्हणाला, मग बापूस विश्राम झालेला त्याचा भाऊ. पितरांनी होकार भरायचा नसतो हे दोघेही विसरले.

दत्तारामनं आता शेवटचं माणूस शोधलं. "जानकी, तू तरी सांग ह्यांका. तुझ्या झिलाचो प्रश्न आसा."

जानकी हातात झारा घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं मधुकरकडे पाहिलं, मग जावेकडे. सकाळपासून तिचा एक वडा फुगत नव्हता.

"वडे थंड होतत," ती म्हणाली. "व्हय म्हाराजा."

*

दत्ताराम गुप्त्यांसमोर उकिडवा बसला. "साहेब, बाईमाणूस आहे. दुःखात आहे. काहीबाही बोलते. तुम्ही मनावर घेऊ नका."

"दत्तारामभाऊ," गुप्ते म्हणाले, "मी कशावर काय बोलणार? तुम्हीच मला ह्या पाटावर बसवलंत. जेवण होईपर्यंत मी मेलेला आहे, असं ह्या आजोबांनी सांगितलं. मेलेल्या माणसानं कोणाची शिफारस केल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि कोणाची वाट अडवल्याचंही नाही. सोमवारी कचेरीत या."

सोमवारी काय होणार, हे दत्ताराम त्या चेहऱ्यावरून वाचू पाहत होता. पण इतकी वर्षं फायलींमागे राहून तो चेहराच फाईल झाला होता, दोरीनं बांधलेली.

"दादा," सुगंधा म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "ते बोटीवर संपार होते तेव्हा कुर्ल्याची मिल बंद पडली होती. तेंच्यासाठी. तुमच्या खात्यातले साचे कोणी बंद केल्यानी?"

"ता वेगळा."

"कोणी केल्यानी?"

दत्ताराम उठून उभा राहिला. ते त्यानंच केले होते. साच्यांचे पट्टे एकामागून एक उतरवत तो खात्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला होता, आणि शेवटचा साचा थांबल्यावर जी शांतता झाली ती त्यानं जन्मात ऐकली नव्हती. त्या शांततेत त्याला स्वतःचाच आवाज फार मोठा वाटला होता, आणि तो आवाज म्हणत होता, माझो भाव. ही गोष्ट त्यानं कोणापासून लपवली नव्हती. फक्त खिडक्या लावता लावता ती आत कुठेतरी मागे पडली होती.

भात गार होत होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते. तुटलेलं गाऱ्हाणं मधूनच जोडता येत नाही, ते पहिल्यापासून घालावं लागतं. आणि घालणारा ह्या घरात तोच होता. तो नाही म्हणाला असता तर तिन्ही पितर, हेडक्लार्कसकट, उपाशी उठले असते.

त्यानं हात जोडले. "बा देवा रवळनाथा," त्यानं सुरू केलं, आणि ते खडखडाटावरून बोलायच्या आवाजात सुरू केलं. सहदेवाच्या बायकोनं समोरच्या खोलीत हातातली वाटी खाली ठेवली. आजा भिवा झाला, बापूस विश्राम झाला, होकार आले. मग दत्ताराम खिडकीखालच्या पानाकडे वळला.

"आमचो भाव गुणाजी, सायबाच्या लढाईच्या बोटीवर कोळसो मारी. खडेवालो भात खायना, सायबाचा निशाण उतरल्यान. ज्येच्यासाठी ह्या दत्तारामान कुर्ल्याची मिल बंद पाडल्यान, तो ह्या पानार बसलो हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इथे गाऱ्हाणं संपायचं होतं. पण दत्ताराम थांबला नाही. त्यानं मधुकरचा दंड धरून त्याला पुढे ओढलं.

"ह्या पोराक नोकरी गावांदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गावली तर ह्याच काकाच्या नावासकट गावांदे. ह्या नावाक जी नोकरी भिता, ती आमका नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आणि ह्या वेळी बायका मनातल्या मनात म्हणाल्या नाहीत.

जेवणं सुरू झाली. सुगंधानं गुप्त्यांच्या पानात भात वाढला, जानकीनं वडे. गुप्ते खाली मान घालून जेवले, मुकाट, कचेरीतला डबा खातात तसे. थोड्या वेळानं त्यांनी पानावर हात आडवा धरला. "पुरे. फार झालं."

दत्तारामनं जानकीच्या हातातलं वड्यांचं ताट स्वतः घेतलं आणि पाटापुढे बसला.

"साहेब," तो म्हणाला, "सोमवारी तुमच्या मनाला येईल ते करा. मी विचारायला येणार नाही. पण गुणाजी इतक्यावर कधी उठला नाही. त्याच्या पानावर बसलात, तर उठायचं त्याच्यासारखं."

शरच्चंद्रांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग त्यांनी कोटाची खालची दोन बटणं काढली आणि पानावरचा हात बाजूला घेतला.